शिळं ऊन

दाजीबा घरातले थोरले, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धाकट्या भावाची सून सगुणा रोज पहाटे बंब पेटवायची आणि धुराने खोकून बेजार व्हायची. सासऱ्यांना ते बघवेना. त्यांनी गच्चीवर सोलर बसवला. दाजीबांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही पटलं तर खाली उतरवायचा."

नरकचतुर्दशीच्या पहाटे दाजीबा तेल-उटणं लावून न्हाणीत पाटावर बसले. सगुणेने नळाचं वाफाळतं पाणी पुढे ठेवलं.

"सूर्य अजून उगवला नाही. मग हे तापलं कशानं?"

"कालच्या उन्हानं, मोठे मामंजी. टाकीत गरम राहतं."

"म्हणजे शिळ्या उन्हाचं! सणासुदीला माझ्या अंगावर शिळं घालतेस? आजच काढा तो सोलर. जा, बंब पेटव!"

सगुणा परसात गेली. बाभळीचा एक ओंडका आणून तिने बंबात न घालता पाटापुढे ठेवला.

"मामंजी, ही बाभूळ किती वर्षांची होती?"

"माझ्या बापानं लावलेली. पन्नास तरी असेल."

"पन्नास वर्षं ऊन पिऊन तिचं लाकूड झालं. बंबात तेच ऊन जळतं. माझं ऊन एका दिवसाचं शिळं, हे पन्नास वर्षांचं. सांगा, कुठलं घालू?"

दाजीबांनी ओंडक्याकडे पाहिलं. मग झरोक्याकडे पाहिलं, तर बाहेर तांबडं फुटत होतं. त्यांनी तांब्या उचलला.

थोड्या वेळाने न्हाणीतून हाक आली, "सगुणे, ते शिळं ऊन अजून एक बादली आण गं!"