हजेरीपुरती शाळा

बाळांनो, एका जंगलात पाणवठ्याजवळच्या करवंदीच्या जाळीत एक सशीण राहत असे. तिला दोन पिल्लं होती, थोरली लेक आणि धाकटा लेक. तिथल्याच एका मोहाच्या झाडाखाली म्हातारं साळिंदर शाळा भरवी. चिखलात उमटलेले पायांचे ठसे कसे वाचायचे, ठसा कुणाचा, ताजा की शिळा, हे ते शिकवी. सशिणीला स्वतःला यातलं ओ की ठो कळत नसे. म्हणून तिनं मोठ्या हौसेनं थोरलीचं नाव शाळेत घातलं. सकाळी येऊन झाडाखालच्या ओल्या मातीत आपलं पाऊल उमटवलं, की पिल्लाची हजेरी लागे.

पण सशिणीला चाऱ्यासाठी लांब जावं लागे आणि धाकटा होता भारी वांड. त्याला सांभाळणार कोण? सशीण लेकीला म्हणाली, "पाऊल उमटव आणि लगेच घरी ये. शाळेत नाव आहे ना, मग झालं तर." थोरली बिचारी मागे वळून बघत बघत घरी येई. सशीण मात्र शेजारणींना ऐटीत सांगे, "आमची थोरली शाळेत जाते हो."

उन्हाळा आला. एका दुपारी तिघं पाण्यावर गेली, तर काठावर रानमांजराचा ठसा! तेवढा एक ठसा ससे उपजतच ओळखतात. सशिणीनं थोरलीला ठशाजवळ ओढलं. ती म्हणाली, "वाच गं, ताजा आहे की शिळा?"

थोरलीनं बराच वेळ ठसा निरखला. मग मान खाली घालून ती म्हणाली, "आई, तो धडा मला येत नाही."

धाकट्यानं तहानेनं नुसता जीव खाल्ला होता. 'शिळाच असेल,' असं सशिणीनं मनाशी म्हटलं आणि त्याला पुढे जाऊ दिलं. तोच लव्हाळ्यातून रानमांजरानं झेप घेतली. माघारी आल्या त्या दोघीच.

सशीण रडत साळिंदराकडे गेली. "गुरुजी, रोज हजेरी लागत होती हिची. मग शिकवलंत काय?"

साळिंदर म्हणालं, "ती पाऊल उमटवून निघून जायची, बाई. मला दिसत होतं. पण हजेरी पूर्ण भरतेय म्हणून मीही गप्प बसलो. तुझं चुकलं, तसं माझंही चुकलं."

पुढे सशिणीनं थोरलीला पुन्हा शाळेत नेलं आणि स्वतःही जवळ बसून राहिली. साळिंदर सांगत होतं, "ठशाच्या कडा रेखीव असतील, तर तो ताजा. कडा ढासळून आत पाचोळा पडला असेल, तर शिळा." थोरलीला ते पहिल्या दमात समजलं. सशिणीलाही समजलं.

"एवढंच होतं?" ती पुटपुटली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

तात्पर्य : मुलाचं नाव शाळेत घालून आईबापांचं आणि हजेरी घेऊन गुरुजींचं काम संपत नाही; मूल शिकलं की नाही, हे दोघांनीही वेळेवर पाहायला हवं.