सारजाई आधी हकिकत विचारायची

कोंढारवाडीत पिठाची गिरणी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा घरोघरी दळायची दगडी जाती होती, आणि दळून दळून जातं गुळगुळीत झालं की सारजाईला बोलवायचे. ती छिन्नी-हातोडीनं दगडाला बारीक टोचे पाडायची. त्याला टाकी लावणं म्हणतात. पण आल्या आल्या ती छिन्नी काढायची नाही. जात्यावर हात ठेवून विचारायची, "हे कुठून आणलं? कोण दळायचं यावर? कधी पडलं-बिडलं का?"

बाया हसायच्या. "सारजाई, दगडाची सोयरीक जुळवतेस का गं?"

"कुठं झिजलंय ते कळल्याशिवाय घाव कुठं घालू?" ती म्हणायची. तिच्या टाकीचं पीठ उन्हाळ्यातही गार निघायचं, असं म्हणतात.

त्याच गावात हौसा नावाची सून होती. तिला लेक झाली, पण लेकीला ती कुणाच्या हाती म्हणून देईना. सासूनं हात पुढं केला तरी तांब्या फेकून मारायची. झोप नाही, जेवण नाही. दूध आटलं, पोर वाळत चालली. गाव म्हणायचं, "स्वभावच खवट, त्याला काय औषध?" शेवटी सासू येसाबाई म्हणाली, "उद्या पोर माझ्या लेकीकडं नेते. ती तिच्या बाळाबरोबर हिलाही पाजील. आणि हौसाला माहेरी धाडा."

त्या दिवशी सारजाई त्यांच्याकडं आली होती. टाकी लावून झाल्यावर ती हौसाला म्हणाली, "लेक मांडीवरच असू दे. एका हातानं खुंटा धर. दोघी ओढून बघू." जातं फिरू लागलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या आईचं जातं कसं होतं गं?"

हौसानं लेकीला आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "आई आठवत नाही. मामीकडं वाढले. धाकटा भाऊ माझ्याच कडेवर असायचा. एक बाई आली, म्हणाली, दे जरा, खेळवते. मी दिला." खुंटा फिरत राहिला. "तिनं परत आणलाच नाही."

ती सांगत गेली तशी सुपातली ज्वारी सरेना. जातं आपलं आपणच फिरत होतं, दोघींचे हात नुसते टेकलेले, असं म्हणतात. पीठ ओसंडून उंबऱ्यापर्यंत आलं.

दाराआड उभी येसाबाई त्या पिठातूनच आत आली. तिनं हात पुढं केला नाही. पदर पसरून समोर बसली. "मी मागत नाही, बाई. तुला वाटंल तवा दे. मी हितंच हाय, तुझ्या डोळ्यांपुढं."

जातं थांबलं तेव्हा लेक आजीच्या पदरात होती आणि हौसा भाकर खात होती. नजर मात्र लेकीवरच. ती नजर पुढंही कधी हटली नाही म्हणे. आणि नातीला घेऊन येसाबाई कधी भिंतीआड गेली नाही.

सारजाई एक दिवस खाणीच्या डोंगराकडं गेली ती गेलीच. कुणी कुणाला "स्वभावच वाईट" म्हटलं की तिकडून टक टक ऐकू येतं, असं म्हणतात.

आता गिरणी आहे. तरी येसाबाईच्या घरचं ते जातं देवळामागं ठेवलंय. कुणी फार तुसडं वागायला लागलं की घरचं एक माणूस त्याला तिथं नेतं, मूठभर दाणे घालतं नि खुंटा धरून म्हणतं, "आधीपासून सांग." आणि कोंढारवाडीत बाळंतिणीच्या मांडीवरून बाळ कुणी उचलून घेत नाही. पदर पसरून समोर बसतात, आणि ती देईपर्यंत थांबतात.