राज्य नको गं बाई

जांभळ्या-गुलाबी फुलांच्या एका मोठ्या बागेत बकुळची आई गवत काढायची. मायलेकींचं घर म्हणजे कुंपणाला टेकलेली एवढीशी झोपडी. बकुळला फ्रॉक एकच, तोही ढगळ, आणि चपला मुळीच नाहीत. पण तिला वाईट वाटायचं ते लपाछपीचं. संध्याकाळी बागेत मुलं जमत आणि त्यांची पुढारी इरावती रोज सांगे, की राज्य बकुळवर. तुला खेळायला घेतो हेच खूप झालं, असं तिचं म्हणणं. बिचारी बकुळ शंभरपर्यंत आकडे म्हणे आणि सगळ्यांना शोधत फिरे. आपणही एकदा लपावं आणि कुणीतरी आपल्याला शोधत यावं, एवढंच तिला हवं होतं.

एक दिवस कोळ्याच्या जाळ्यात अडकलेलं काहीतरी चमचमताना दिसलं. बकुळने ते हलक्या हाताने सोडवलं. पाहते तर चिमुकली परी, मोरपंखी पंखांची.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण एकाच वाक्यात. दिलेलं मला परत घेता येत नाही. दुसऱ्या कुणी आपणहून मागून घेतलं, तरच ते सुटतं."

"माझ्यावरचं राज्य इरावतीवर जाऊ दे."

परी गोंधळली. हिच्याकडे राज्य आहे आणि ते हिला नको? परीलोकात तर राज्यावरून तिच्या दोन मावश्या शंभर वर्षं एकमेकींशी अबोला धरून होत्या. लपाछपी तिने कधी खेळलीच नव्हती, तिला तरी कसं कळावं? माणसांचं सगळंच उलटं असेल, असं म्हणून तिने छडी फिरवली.

झालं. इरावतीच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट आला, बसायला लखलखतं सिंहासन आलं. ती भलतीच खूश. सगळ्यांनी रांगेत उभं राहा, एका पायावर राहा, पोपटांनी गप्प बसा, असे तिचे हुकूम सुटले. दर हुकुमाला मुकुट बोटभर वाढायचा. मुलं घाबरून लपली. बकुळही कण्हेरीआड लपली. लपायला मिळालं खरं, पण शोधायला कुणी येईना. राणी कशाला शोधायला येईल? ती नुसतीच बसल्या जागेवरून ओरडत होती. हा खेळ चाललाय की भांडण, बकुळला काही कळेना.

मग रडणं ऐकू आलं. मुकुट इरावतीच्या नाकापर्यंत उतरला होता आणि काही केल्या निघत नव्हता. बकुळला राहवेना. ती पुढे झाली.

"इरावती, मी पहिली आउट. दे ते राज्य माझ्यावर."

मुकुट अलगद उठला, बकुळच्या केसांवर टेकला आणि त्याची पिवळीधमक फुलपाखरं झाली. असं का झालं, ते परीलाही सांगता आलं नाही.

इरावतीने नाक पुसलं. मग तिने आपणहून झाडाकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

"आज राज्य माझ्यावर," ती म्हणाली. "तू लप."

बकुळ गोंधळून जागीच उभी.

"पळ ना गं. मीही लपते," परी कानात कुजबुजली आणि सोनेरी उजेडात अशी काही लपली, की आजवर कुणाला सापडलेली नाही.

बकुळ धावत कर्दळीमागे जाऊन बसली. शंभर झाले. वाळक्या पानांवर पावलं वाजू लागली.

"बकुळ, कुठे आहेस गं तू?"

बकुळने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. इतक्यात सापडायचं नव्हतं तिला.