फाटकापाशी भिरकावलेली किल्ली

“पण पुढचं तुम्हाला दिसतं की नाही, बाबा? आज तेवढं सांगूनच टाका!”

मोटरसायकल चालवता चालवताच उत्तमनं विचारलं. मागे फकीर इस्माईलशा, पुढे टाकीवर उत्तमची चार वर्षांची चिंगी. होणारं आधी कळण्याची विद्या हवी म्हणून हा गडी वर्षभर हात धुऊन बाबांच्या मागे लागला होता. आज त्यांना जेवायलाच घरी घेऊन निघाला होता.

बाबांनी नुसतं समोरच्या रस्त्याकडं बोट केलं.

रेल्वेचं फाटक आलं. बंद. मालगाडी धडधडत गेली, शेवटचा डबाही गेला. फाटक काही उघडेना.

“झोपला वाटतं फाटकवाला! मान खाली घाला, बाबा.”

त्या गावात थांबतो कोण? मोटरसायकल तिरकी करायची, वाकायचं आणि दांड्याखालून सटकायचं. सगळ्या गावाची तीच रीत. एक दूधवाला तसाच पुढे गेलाही.

बाबांनी हात लांबवून किल्ली काढली आणि दिली भिरकावून घाणेरीच्या झुडपात!

“अहो, डोकं फिरलं का तुमचं?” उत्तम खवळला.

बाबांनी चिंगीला कडेवर घेतलं आणि मागे जाऊन उभे राहिले. उत्तम मोटरसायकल स्टँडवर लावून, चरफडत झुडपात हात घालू लागला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

दुसऱ्या रुळावरून, उलट दिशेनं, एक्स्प्रेस आली. रुळांत चाक अडकलेल्या दूधवाल्यानं सगळं टाकून मागे उडी घेतली म्हणून वाचला. त्याची मोटरसायकल मात्र… बाप रे! किटल्यांचा पार चेंदामेंदा. खडीवर दूधच दूध.

उत्तमनं चिंगीकडं पाहिलं. ती बाबांच्या दाढीशी खेळत होती. आपली पोर आत्ता टाकीवर, त्या रुळांत असती… त्याला हुंदका आवरेना. तो धावत जाऊन बाबांच्या पायांवर कोसळला.

“तुम्हाला दिसली होती ना ती गाडी? आधीच दिसली होती! तीच नजर मला द्या, बाबा…”

“गाडी? छे रे, मला कुठली दिसतेय!” चिंगीला त्याच्या हातात देत इस्माईलशा म्हणाले. “मला फाटक बंद दिसलं.”