'थांब' म्हणणारं बटण

"...पण मी चीवर मागितलं, भन्ते. तुम्ही हे डबडं का देताय?"

प्रबुद्ध नंदेश्वरच्या मांडीवर एक नेटबुक होतं. वहीएवढा छोटा संगणक. जुना, झाकणावर चरा पडलेला.

भन्ते शीलरत्न विहाराचा ओटा झाडत होते. झाडू थांबला नाही.

"ते चालत नाही."

"चालणारच नाही. आत मुळात जागा कमी. त्यात वर्षानुवर्षं अपडेट येत राहिले, सिस्टीम फुगत गेली. आता त्याला श्वास घ्यायला जागा नाही."

"असं..."

"मोठी डिस्क टाकावी म्हटलं तर तीही आत चिकटवलेली. बदलता येत नाही."

भन्ते झाडत राहिले.

प्रबुद्ध हैदराबादला मोठ्या कंपनीत होता. हजारो मशीन सांभाळायचा. एका सकाळी त्याचं मन उठलं, आणि तो नोकरी सोडून बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी वसलेल्या आंबेबोडी गावाच्या या टेकडीवर आला. चीवर, ते भिक्खूंचं वस्त्र, घालून श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू व्हायचं, असं त्यानं ठरवलं होतं. भन्ते हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते.

"मी नवा मागवतो," प्रबुद्ध म्हणाला. "आठवडाभरात येईल."

"नव्यात काय करशील?"

"लागेल ते सगळं घालून देईन."

"मग यातच घाल."

"यात जागा नाही, भन्ते!"

भन्त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"म्हणून तर तुला दिलं."

*

नेटबुक हवं होतं वनमालाबाईंना.

वनमाला शहारे ही गावातली अंगणवाडीची बाई. गावातल्या निम्म्या पोरांना गाणी हिनंच शिकवलेली. मागच्या वर्षी घशाचा कर्करोग निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. बाई वाचली, पण आवाजाची पेटी काढावी लागली. आता गळ्याशी श्वासासाठी एक भोक होतं आणि त्यावर पांढरं मऊ फडकं.

ती कामावर परत आली. पोरं मात्र कमी झाली.

पोरांच्या आया तोंडावर काही बोलत नव्हत्या. पाठीमागे बोलत. "जिले ओरडता नाही येत, तिच्याजवळ लेकरू कसं ठिवाव?"

लिहिलेलं बोलून दाखवणारं ॲप तिनं फोनवर वापरून पाहिलं होतं. पण काचेवर अक्षर शोधायला खाली बघावं लागतं. खाली बघितलं की पोरं नजरेआड होतात. आणि लग्नाआधी ती मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली होती. खरी बटणं मिळाली, तर तिची बोटं न बघता चालणार होती.

तिनं भन्त्यांना पाटीवर लिहून विचारलं होतं. विहाराच्या अभ्यासिकेत कुणी दान दिलेलं ते डबडं पडलंय ना?

भन्त्यांनी ते पुसून प्रबुद्धच्या मांडीवर ठेवलं होतं.

*

प्रबुद्धनं मनावर घेतलं. तालुक्याच्या गावी जाऊन इंटरनेट गाठलं, पेन ड्राइव्हवर नवी सिस्टीम आणली, जुनं सगळं पुसलं.

नवी सिस्टीम देखणी होती. खिडक्या अलगद उघडायच्या, अलगद मिटायच्या. तिच्यात त्यानं एक आवाज बसवला. बाईचा, मराठी, इतका गोड की बातम्या सांगणारीच वाटावी. हे सगळं जेमतेम मावलं. जागा मिळावी म्हणून त्यानं इकडचं काढलं, तिकडचं दाबलं. तो स्वतःवर खूष होता.

वनमालाबाईंना टेकडीवर बोलावलं.

त्या बसल्या. बोटं ठेवली. खरोखरच न बघता लिहिलं... जय भीम.

नेटबुक विचारात पडलं.

बाहेर एक गाय हंबरली. कुणीतरी तिला हाकललं. गाय गेली.

मग तो गोड आवाज म्हणाला, "जय भीम."

प्रबुद्धनं भन्त्यांकडे पाहिलं.

वनमालाबाई हसल्या. हात जोडले. झाकण हळूच मिटलं आणि टेकडी उतरून निघून गेल्या. नेटबुक तिथंच राहिलं.

"नेलं का नाही त्यांनी?"

भन्त्यांनी झाडू उचलला.

"भन्ते, इतका चांगला आवाज या एवढ्याशा मशीनवर दुसऱ्या कुणी बसवून दाखवावा!"

"खरं आहे."

"मग?"

"उद्या सकाळी अंगणवाडीत जाऊन बस. काम काही करायचं नाही. बोलायचंही नाही."

"किती वेळ?"

भन्त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

*

अंगणवाडीत पोरं थोडीच होती. त्यांना हा मुका पाहुणा फार आवडला.

प्रबुद्धला तहान लागली. त्यानं अंगठा तोंडाकडे नेला. पोरांनी त्याला चिंच आणून दिली.

त्यानं मान हलवली. पोरांनी दुसरी चिंच आणून दिली.

वनमालाबाईंनी बघितलं आणि पाण्याचा गडवा पुढे केला. त्यांचे खांदे हलत होते. हसू येत होतं, पण त्याला आवाज नव्हता.

पाटीवर त्या चित्रं काढत. हातवाऱ्यांनी गाणं म्हणत. पोरं बघत तोवर सगळं ठीक चाले. पोरांनी पाठ फिरवली की संपलं. मग त्या टाळ्या वाजवत, ताटावर पळी आपटत. पण पोरं स्वतःच इतका गलका करत की त्यात ते बुडून जाई.

मदतनीस बाईनं खिचडीचं पातेलं उतरवून दाराशी ठेवलं आणि ती ताटं आणायला मागे गेली.

चिनू नावाची एक पोर भिंगरी धरून पळत होती. उलटी. तोंड भिंगरीकडे, पाठ पातेल्याकडे.

वनमालाबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी पाहिलं. त्या धावल्या. त्यांचं तोंड उघडलं...

प्रबुद्धला ते उघडं तोंड दिसलं.

"थांब!"

तो ओरडला होता. अख्खी खोली दचकली. चिनू जागच्या जागी उभी राहिली. तिच्या टाचेमागं वीतभर अंतरावर पातेल्यातून वाफ निघत होती.

वनमालाबाईंनी पोरीला उचललं. घट्ट धरून खाली बसल्या. एका हातानं गळ्यावरचं फडकं दाबलेलं, आणि श्वास आत-बाहेर होताना त्या फडक्याखालून शिट्टीसारखा आवाज येत होता.

प्रबुद्ध उभाच राहिला.

*

"भन्ते, मी बोललो."

"चांगलं केलंस."

"त्या ओरडत होत्या. माझ्यासमोर ओरडत होत्या... आणि काहीच नव्हतं."

भन्त्यांनी मडक्यावरचं झाकण काढलं.

"मी त्यांना बातम्या सांगणारी बाई दिली. पोर भाजल्यावर तिनं थांब म्हटलं असतं."

भन्त्यांनी मडक्यातून पाणी काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. तो प्यायला.

मग त्यानं नेटबुक उघडलं.

ती देखणी सिस्टीम त्यानं पुसून टाकली. पुसताना हात थोडा घुटमळला. मग नाही घुटमळला.

या वेळी त्यानं आणली ती अगदी हलकी. उघडमीट करणाऱ्या खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, सजावट नाही. नेटबुक सुरू केलं की एकच कोरं पान समोर यावं, लिहायला तयार. मागं दुसरं काही चालू नको. त्यानं एकेक गोष्ट काढून पाहिली. काढल्यावरही चालतंय का? चालतंय. मग ती राहू दे बाहेर.

अडला तो आवाजापाशी.

गोड आवाज जड होता. हलका आवाज होता, पण तो कसा... पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. बाईचाही नाही, बाप्याचाही नाही.

तो नेटबुक घेऊन वनमालाबाईंच्या घरी गेला. ओसरीत बसला.

"बाई, एक विचारू? तुम्हाला काय बोलायचं असतं?"

त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. ऑपरेशनपासून त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. बोलता येतं का, एवढंच सगळे विचारत.

त्यांनी पाटी ओढली.

'थांब.'

खाली लिहिलं, 'इकडे ये.'

मग, 'शाब्बास.'

थोडं थांबून आणखी लिहिलं. 'बाकी मी टाइप करीन. हे तीन बटणावर दे. टाइप कराले येवढा टाइम कोणाजवळ हाय?'

"देतो. पण बाई, आवाज चांगला नाही. आधी ऐका."

त्यानं ऐकवला.

वनमालाबाईंनी नाक मुरडलं. मग भुवया उडवल्या. मग पाटीवर लिहिलं.

'माहा नवरा असाच बोलत जाय.'

प्रबुद्ध हसला. हैदराबाद सोडल्यापासून तो असा हसला नव्हता.

*

अंगणवाडीच्या दाराशी आया जमल्या होत्या. बोलणारं मशीन आलंय म्हणे, एवढी बातमी गावाला पुरेशी होती. विहारातला ध्वनिक्षेपकाचा डबा भन्त्यांनी स्वतः काखेत घालून आणला. प्रबुद्धनं तो नेटबुकला जोडला.

वनमालाबाई बसल्या. पोरं नेहमीसारखी उधळलेली.

त्यांनी खाली पाहिलंच नाही. डोळे पोरांवर, बोट बटणावर.

"थांब!"

डब्यातून पत्र्यासारखा कर्कश हुकूम निघाला. बटण आणि आवाज यांत पापणी लवण्याइतकाही वेळ गेला नाही.

पोरं दगडासारखी उभी. एकाच्या तोंडातला घास तोंडातच.

मग चिनू खुदकन हसली, आणि सगळी खोली हसायला लागली. एक पोरगा मुद्दाम पळाला.

"थांब!"

तो थांबला. खूष झाला. पुन्हा पळाला.

"इकडे ये!"

आला. लाजत, हात पाठीमागं.

"शाब्बास!"

पोरगं फुलून गेलं. मग सगळ्यांनाच शाब्बास हवं झालं. रांग लागली. आया पदराआडून हसत होत्या. एकीनं कडेवरचं लेकरू हळूच खाली सोडलं आणि त्याला आत ढकललं. बाकीच्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग दुसरीनंही सोडलं.

वनमालाबाईंची बोटं आता भराभर चालत होती. पावसाच्या थेंबांसारखी बटणं वाजली.

"एक होता बेंडूक," डबा म्हणाला. "बोडीतला. लय बोलायचा."

पोरं खाली बसली. आपोआप.

"एक दिवस त्याचा आवाज हारपला."

"मग?" चिनू म्हणाली.

"सांगतो ना बाप्पा, थांब."

भन्ते मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. बेंडूक आवाज शोधायला मासोळीकडं गेला, बगळ्याकडं गेला. गोष्ट लांबत चालली. वनमालाबाईंच्या साठलेल्या सगळ्या महिन्यांतून ती येत होती. मध्येच त्यांची नजर दारातून दिसणाऱ्या सूर्यावर गेली. बोटं वळली.

"भन्ते, बारा वाजाले आले. बारानंतर तुम्ही जेवत नाही. आधी जेवून घ्या जी. गोष्ट कुठी पळून नाही चालली."

आया मोठ्यानं हसल्या. भन्तेही हसले आणि पोरासारखे मुकाट्यानं पानावर जाऊन बसले.

*

दुपारी दोघं टेकडी चढत होते. खाली बोडीचं पाणी चमकत होतं. अंगणवाडीतला डबा अजून बोलत होता, वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू येत होता.

प्रबुद्ध झपाझप चढून भन्त्यांच्या जोडीला आला.

"भन्ते..."

"हं."

"चाललं सगळं. पण मला आतून लाज वाटत होती."

"कशाची?"

"आवाजाची. किती खरखरीत... पत्र्यासारखा. लोकांसमोर तो वाजला की माझं मलाच कसंतरी व्हायचं. काहीतरी करून तो सुधारला पाहिजे."

भन्ते थांबले. वळून त्यांनी खाली गावाकडे पाहिलं.

"तुला आवाज ऐकू आला?"

"हो... तुम्हाला नाही?"

"मला वनमालाबाई ऐकू आल्या."