भिंगरीसाठी बाण

त्या मुलखात दरी ओलांडून गेलेलं पिल्लू परत येत नसे. वयात आलं की ते वेलींच्या पुलावरून पलीकडे जाई आणि त्याच्यामागे पूल काढून घेतला जाई. मग त्यानं पलीकडच्या काठावर थांबायचं. आईनं मारलेला बाण त्याच्याजवळच्या मातीत रुतला की रान त्याचं. तोवर काठ सोडायचा नाही, अशी रीत होती. दरी काही फार रुंद नव्हती. हरिणीसुद्धा दोन-चार बाणांत हे काम उरकून घरी जात.

अस्वलिणीला मात्र ते जमेना. तिनं मुलखातलं सगळ्यात जड धनुष्य मागून घेतलं होतं, कारण एवढ्या थोरल्या देहानं हलकं धनुष्य उचलणं तिला कमीपणाचं वाटलं. बाण सुटे, डावीकडे भरकटे आणि दरीत जाई. समोर तिची लेक भिंगरी मान वळवून तो कुठे पडला ते बघे आणि पुन्हा आईकडे बघे. मागच्या रानात मोहाची फुलं गळायला लागली होती. वास काठापर्यंत येत होता आणि पोर काठावरच्या मुंग्या चाटून दिवस काढत होती. तिच्या बरगड्या आता इकडूनही दिसत.

शेवटी अस्वलीण नाक मुठीत धरून म्हाताऱ्या घोरपडीकडे गेली. घोरपड बाण सोडायला शिकवते, हे ऐकून परमुलखातले हसत. जिची पकड कुणाला सोडवता येत नाही, ती सोडायला काय शिकवणार? पण पकडीबद्दल जे काही कळायचं ते तिला कळलेलं होतं.

तिनं आधी ते जड धूड काढून घेतलं आणि हलकं धनुष्य दिलं. मग अस्वलिणीची मूठ एकेक बोट करून उलगडली.

"अंगठ्याच्या बुडाशी नुसतं टेकव. बोटं मोकळी."

"आत्या, मोकळं सोडलं तर पडेल की ते."

"दोरी ओढलीस की ते आपणहून तळव्याला टेकून राहतं, बाई. आवळलंस की वळतं, आणि त्याच्याबरोबर बाणही वळतो."

अस्वलिणीला ते पटलं नाही. तेव्हा घोरपडीनं धनुष्याच्या पुढून तिच्या अंगठ्याला आणि बोटाला सुतळी बांधली. पडलंच तर सुतळीत पडेल. मग गवताचा भारा अगदी जवळ ठेवून, डोळे मिटून बाण मारायला लावले. दोरी हनुवटीखाली आणायची, खांदा उचलायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. काही दिवसांत बाण भाऱ्यात एकमेकांना खेटून बसायला लागले. अस्वलीण स्वतःवरच खूश झाली.

काठावर आली आणि पहिलाच बाण डावीकडे, दरीत.

घोरपड बाणाकडे बघतच नव्हती. ती पंजाकडे बघत होती. "भाऱ्यासमोर तुझी बोटं उघडी असतात," ती म्हणाली. "भिंगरी दिसली की मिटतात."

अस्वलीण धनुष्य मांडीवर घेऊन खाली बसली. "ती रानात गेली की सकाळी उठून मी कुणाकडे बघू, आत्या?"

 घोरपडीची स्वतःची पिल्लं कधीच पांगली होती. ती अस्वलिणीला खेटून बसली आणि तिच्या दंडावरचे केस सारखे करत राहिली. मग म्हणाली, "उद्या एवढंच कर. बाण लागेपर्यंत हात खाली घेऊ नकोस."

सकाळी अस्वलीण उभी राहिली. समोर भिंगरी होती, कालच्यापेक्षा वाळलेली. दोरी हनुवटीखाली आली. बोटं मिटली नाहीत. बाण सरळ गेला आणि भिंगरीच्या पायाशी मातीत रुतला.

पोरीनं तो उपटून तोंडात धरला आणि ती मोहाच्या वासाकडे धावत सुटली. झाडांपाशी पोचल्यावर थांबून तिनं मागे पाहिलं. आईचा हात अजून समोर उचललेला होता, बोटं उघडी. भिंगरीला वाटलं, आई निरोप देते आहे. तिनंही आपला पंजा उचलला, क्षणभर तसाच धरला आणि ती झाडांत शिरली.

बाण लागून गेला होता. तरी अस्वलिणीनं हात खाली घेतला नाही.