फिल्टरवरची सावली

"मग फिल्टर गुंडाळायचा तरी कशात, चाचा?"

सन्मती मगदूमनं हे उभ्याउभ्याच विचारलं. जयसिंगपुरात त्याचं शोभेच्या माशांचं भलंमोठं दुकान. लोक त्याला 'सर' म्हणत, आणि आपल्याला कळत नाही असं काही उरलंय, असं त्यालाही वाटत नसे. पण माशांचं पहिलं अक्षर त्यानं मिरजेच्या लियाकतचाचांच्या हौदांवर गिरवलं होतं. म्हणून आज गाडी पाठवून म्हाताऱ्याला घरी आणलं होतं.

चाचा काचेच्या पेटीपुढं उकिडवे बसून आत बघत राहिले.

पेटीत एकच मासा उरला होता. तांबडा-पांढरा, चांगला पोसलेला गोल्डफिश. पलंगावरून सन्मतीचे वडील, आण्णा, त्याच्याकडे बघत होते. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं, मान जेमतेम खिडकीपर्यंत वळे. दोनच विरंगुळे उरले होते: पलंगालगतच्या खिडकीतली गल्ली आणि पायाशी ठेवलेली ही पेटी.

हाही मासा गेला तर... सन्मती तो विचार पुरा करत नसे.

"शेवाळानं मेला का रे एखादा?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"...झाकल्यानं."

खरं होतं ते. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन नेमकं पेटीच्या कोपऱ्यातल्या फिल्टरवर पडे. फिल्टर शेवाळानं हिरवागार होई, त्याचं तोंड बुजे, पाणी फिरेना, आणि मासे वर येऊन धापा टाकत. सन्मतीनं फिल्टरला काळी चिकटपट्टी गुंडाळली. तिचा गोंद सुटून पाण्यावर तवंग आला. स्कूटरच्या ट्यूबचं रबर चढवलं, मासे कडेला पडले. काळा रंग फवारला. तो वाळलाय असं वाटलं, वाळला नव्हता.

"पेटी हलव."

"आण्णांना दिसत नाही."

"पडदा ओढ."

"मग ते रडतात, चाचा. समोर त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्या दुकानाची फळी दिसली पाहिजे."

"काचेला बाहेरून कागद लाव."

"ऊन येतं त्याच काचेतून ते मासा बघतात! मी काय कालचा आहे का? सगळं करून झालंय."

आवाज जरा चढलाच. चाचा नुसते हसले.

सन्मतीनं कपाटातून एक काळा प्लास्टिकचा पत्रा काढला, कागदासारखा पातळ, लवचीक. "हा बघा. खास मागवलाय. दुकानात विकतो मी. फक्त एकदा तुम्ही हो म्हणा."

चाचांनी त्याचा तुकडा कापून घेतला. पेलाभर कोमट पाणी मागवलं, तुकडा त्यात सोडला आणि चहा पीत बसले. चहा संपला, गप्पा संपल्या, आण्णांचा डोळा लागून उघडला. मग चाचांनी पेला उचलून सन्मतीपुढं धरला.

"पी."

हा चाचांचा जुना रिवाज. मिरजेला एकदा एक साहेब पेटीत ठेवायला रंगीत प्लास्टिकचा राजवाडा घेऊन आले होते. चाचांनी त्यांच्यासाठी सरबत मागवलं आणि राजवाडा त्यातच बुडवला. साहेब सरबत न पिता गेले, आणि मासेही न घेता.

सन्मतीनं पेला तोंडाशी नेला. रॉकेलसारखा बारीक वास आला.

"चाचा, मी हे विकतो..."

"विकतोस ना? मग पी."

त्यानं पेला खाली ठेवला.

पलंगावरून घशातला आवाज आला. आण्णा अर्ध्या तोंडानं हसत होते. दुकानात असताना तेही रंग उतरत नाही हे पटवायला साडीचा काठ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडवून पिळून दाखवत.

"बघा आण्णा," चाचा म्हणाले, "पोरगा तुमचा, आणि बुडवून बघायचं विसरला."

एवढ्यात ऊन आलं. खिडकीतून आत, पलंगावरून पुढं, थेट फिल्टरवर. कोपरा हिरवा चमकू लागला.

"हे बघा, आलं," सन्मती म्हणाला. "आता सांगा, कशानं झाकू?"

चाचांनी खोलीभर नजर फिरवली. पलंगाजवळ एक खुर्ची होती. तिच्यावर औषधांच्या पिशव्या, जुने रिपोर्ट, घडी न घातलेली चादर. कित्येक महिन्यांत तिच्यावर कुणी बसलं नसावं. सन्मती रोज सकाळी खोलीत यायचा, माशाला दाणे टाकायचा, उभ्याउभ्या "बरं आहे ना?" विचारायचा आणि जायचा.

चाचांनी सगळं उचलून जमिनीवर ठेवलं. खुर्ची ओढली, पलंग आणि पेटीच्या मध्ये जरा तिरकी लावली, आणि बसले.

फिल्टरवर सावली पडली.

मासा मोकळ्या पाण्यात होता. आण्णांना मासा दिसत होता, गल्लीही.

ऊन सरकलं, तशी चाचांनी खुर्ची वीतभर मागं घेतली. पुन्हा सरकलं, पुन्हा घेतली. असं करत खुर्ची पायथ्यापासून निघून आण्णांच्या उशाशी येऊन टेकली. मग चाचा उठले आणि खुर्चीकडे बोट केलं.

"पण चाचा... दुपारी दुकानात गर्दी असते."

चाचांनी फिल्टरकडे बघितलं.

फिल्टर पुन्हा उन्हात आला होता. सन्मती बसला.

आता काय करायचं ते त्याला कळेना. हात कुठं ठेवावेत तेही कळेना. तेवढ्यात आण्णांचा डावा हात चादरीखालून निघाला, चाचपडत त्याच्या बाहीपाशी आला. त्यांनी बाहीचा काठ अंगठा आणि बोटात धरला आणि चोळून बघितला, जसा आयुष्यभर ताग्यातला कपडा बघितला तसा. चोळून झालं, तरी सोडला नाही.

सन्मतीला बाही सोडवून घेता आली असती...

बसल्याबसल्याच तो म्हणाला, "चाचा, हे चालेल?"

चाचांनी चपला पायात सरकवल्या.

"सावलीचं पाण्यात काही उतरत नाही," ते म्हणाले. "फक्त ऊन सरकेल तसं सरकावं लागतं."